मावशी, तुझं लोह कुणी मोजलं नाही

मावशी, तुला पोचवून सगळे परत आले, हातपाय धुऊन अंगणात बसले, आणि पहिलं बोलणं काय निघालं माहीत आहे? "अंगात रक्तच न्हवतं बाईच्या." एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं मान हलवायची, "व्हय, रक्तच न्हवतं, काय करतं मग." पुसेगावची माणसं उठली तर गोरेगावची जीपमधून उतरली, आणि तीसुद्धा तेच घेऊन आली. मी शेळ्यांच्या दाव्याजवळ भिंतीला टेकून बसले होते. तोंडात एक शब्द येत होता आणि मी तो गिळत होते, कारण तू मला तसं बजावून ठेवलं होतंस.

तो शब्द होता "खोटं".

रक्त कमी होतं, मान्य. पण लोह कमी नव्हतं. लोह तुझ्या अंगात इतकं साठलं होतं की रक्तात मावेना, म्हणून लिव्हरमध्ये, बोटांच्या पेरांत, कातडीत जाऊन बसलं होतं. ते साठत होतं तेव्हा सगळे वरून आणखी ओतत होते. दवाखाना ओतत होता, गाव ओतत होतं. किती झालं हे मात्र कुणी बघत नव्हतं.

मी काम करते त्या संघटनेच्या शिबिरात आम्हाला शिकवलंय की पत्रकाला तीन गोष्टी लागतात: कोणी केलं, काय केलं, आणि आमची मागणी काय. बाकी रडगाणं कापा. या जिल्ह्यात रेशनवर, पाण्यावर, शाळेच्या पडक्या खोल्यांवर मी पत्रकं लिहिली आहेत आणि कुठंच हात अडला नाही. तुझ्यावर लिहायला बसले की पहिल्याच गोष्टीशी अडतो. कारण 'कोणी केलं' म्हटलं की त्यात बाबाराव आबा येतात.

म्हणून हे पत्रक नाही. हे तुलाच लिहिते आहे.

मी शाळेसाठी तुझ्याकडे राहायला होते, हिंगोली अजून परभणीतच मोडत होतं, त्या वर्षी तुझ्या मेंढरांत रोग आला. बघता बघता जवळजवळ सगळा कळप मेला. तू रडली नाहीस. मेंढरं कोंडायच्या, ओस पडलेल्या वाघरीतली जागा झाडून काढलीस आणि मला म्हणालीस, "अभ्यास कर, मेंढरांकडं काय बघतीस." मग शेजारचे आबा आले. आपल्यात रीतच आहे, ज्याचा कळप रोगानं गेला त्याला घरटी एक मेंढी द्यायची. देणारा बोलून दाखवत नाही, घेणारा परत करत नाही. पण आबांनी लगेच कुणाला मेंढी सोडू दिली नाही. रोज सकाळी यायचे, तुझी उरलीसुरली मेंढरं धरायचे, जबडा उघडून बघायचे, खूर उचलून बघायचे आणि निघून जायचे.

मी एकदा चिडून विचारलं, "आबा, द्यायची तर देऊन टाका ना. काहून थांबले?"

"आत्ता दिली तर ती बी मरंल की, लेकरा. आदी रोग गेला का बघू दे."

हे मी विसरले नव्हते. तूही नव्हतीस. पण नांदेडच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये हे कुणाला आठवायचं कारण नव्हतं.

पुढं हिंगोली जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, कचेऱ्या आल्या, सत्कार झाले. डायलिसिसचं मशीन काही आलं नाही. तुझी मूत्रपिंडं गेली तेव्हा आठवड्यातून दोनदा पुसेगावहून जीपनं हिंगोली आणि तिथून एसटीनं कळमनुरीवरून नांदेड, असा आपला रस्ता ठरला. काका मेंढरांमागे रानात, म्हणून सोबत मी. मशीनवर चार तास पडायचं आणि त्याच खडखडत्या गाडीतून परत यायचं. तुला पाणी मोजूनच प्यायची परवानगी. उन्हाळ्यात तू पदराचं टोक ओलं करून ओठांवर धरायचीस आणि शेजारच्या बाईला सांगायचीस, "मी पाण्याचा उपास धरलाय, देव कोणता ते इचारू नका."

मग डॉक्टर म्हणाले रक्त चढवावं लागेल, आणि रक्तपेढी म्हणाली रक्त पाहिजे तर रक्त देणारी माणसं आणा. आबांनी पारावर उभं राहून एवढंच सांगितलं, "मेंढीगत. घरटी एक." आणि माणसं निघाली. ज्यांनी जन्मात सुई टोचून घेतली नव्हती ते गडी डोळे मिटून हात पुढं करून पडले. खुद्द आबांनी तर इतक्यांदा दिलं की शेवटी पेढीवाल्यानंच त्यांना हाकललं. त्यांचं रक्त चढलं त्या दिवशी परतीच्या गाडीत तू मोठ्यानं म्हणालीस, "पोरी, मला तंबाखूची तलफ येऊन राहिली. आबाचंच रक्त दिसतंय हे." सगळी गाडी हसली, कंडक्टरसुद्धा. आबांना ते कळलं तेव्हा लाजले, आणि खूश किती झाले. भेटेल त्याला सांगायचे, "बहिणीच्या अंगात माझं रक्त हाय."

यात आबांची चूक कुठं आहे? कुठंच नाही. मला राग आहे तो ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांचा. मूत्रपिंडं गेली की रक्त तयार करायचा हुकूम सुटत नाही, म्हणून रक्त कमी होतं. त्या हुकमासाठी एक वेगळं इंजेक्शन असतं. ते थंडाव्यात ठेवावं लागतं, आणि तिथं ते कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की लाव रक्ताची पिशवी. प्रत्येक पिशवीबरोबर लोह अंगात येतं, आणि आलेलं लोह बाहेर टाकायला शरीराला जवळजवळ वाटच नाही. मशीनही ते काढत नाही. आलं की राहिलं. हे मला एका जुन्या पुस्तकात वाचून कळलं. मी बी.ए.ला मराठी घेतलेली मुलगी. मला कळतं, आणि रोज मशीन चालवणाऱ्यांना कळत नाही?

त्यावर ते काळं इंजेक्शन. कोऱ्या चहाच्या रंगाचं. ओळीनं सगळ्यांना. तू विचारलंस, "हे काय हाय?" मशीनवाला म्हणाला, "लोह आहे मावशी, रक्त वाढतं." बाई म्हटली की रक्त कमी, रक्त कमी म्हटलं की लोह. इतकं सरळ. पुसेगावच्या शाळेच्या भिंतीवर आमच्या संघटनेनंच रंगवलं होतं ना, 'बायांनो, लोह घ्या, रक्त वाढवा'? तू मला कोपरानं ढोसून म्हणालीस, "बघ, तुझी भिंत नांदेडपर्यंत आली."

मग तू काळवंडायला लागलीस. उन्हानं रापलेला रंग मी ओळखते, सगळा जन्म रानात गेलेल्यांच्या घरातली मी. हा तो नव्हता. राखेवरून तांब्याचं पाणी फिरवल्यासारखा होता. बायका म्हणाल्या, मशीनची उष्णता. मग तुझ्या हाताची पहिली दोन बोटं मुळाशी सुजली आणि तुला धार काढता येईना. त्या पांढऱ्या शेळीनं तुला लाथ मारली तेव्हा तू कासंडी उचलून बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "तिला बी वळखू येऊन राहिला न्हाई माझा हात." त्या दिवशी पहिल्यांदा मी तुला घाबरलेली पाहिलं. मशीनला तू कधी घाबरली नव्हतीस. धार काढता न येणाऱ्या हाताला घाबरलीस.

मी डॉक्टरांकडे गेले. "हिचं लोह मोजलं का?"

"डायलिसिसच्या पेशंटला सांधेदुखी असतेच. रंगही बदलतो."

"असेल. लोह मोजलं का?"

"तुम्ही काय करता?"

"संघटनेचं काम."

"मग मोर्चे काढा. औषधपाणी आम्हाला कळतं."

तू मशीनला जोडलेली, हातात दोन नळ्या, आणि पडल्या पडल्या म्हणालीस, "साहेब, ती मोर्चा काढंल बी. तिला नका शिकवू."

शेवटी अंगात साठलेलं लोह सांगणारी फेरिटिन म्हणून तपासणी असते ती केली. कधी केली? काळं इंजेक्शन टोचल्यावर, त्याच दिवशी. आकडा भलता वर आला. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन नुकतंच दिलंय, म्हणून. याला अर्थ नाही." दुसऱ्यांदा केली तेव्हा तुला ताप होता. आकडा वरच. "ताप असला, कुठं जंतू असले तरी हे वाढतं. याला अर्थ नाही." मावशी, ते दोन्ही वेळा खरं बोलले, आणि माझा जीव जळतो तो याच गोष्टीवर. इंजेक्शननंतर तो आकडा फसवतो, तापात फसवतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग इंजेक्शनच्या आधी रक्त का घेतलं नाही? ताप उतरल्यावर पुन्हा का बघितलं नाही? खरं ज्ञान होतं, आणि ते सगळं वापरलं कशाला, तर मला दारातून परत पाठवायला.

तिथं नवीन आलेली एक डॉक्टर मुलगी होती, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी. तिनं नीट सांगितलं. काळं इंजेक्शन थांबवा, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, ताप नसताना सकाळी उपाशीपोटी रक्त घ्या, आणि फेरिटिन एकटं बघू नका. लोह वाहून नेणारी एक गोष्ट रक्तात असते, ती किती भरली आहे तेही जोडीला बघा. दोन्ही वर असलं तर मग टाळता येत नाही.

दोन्ही वर आलं. ती तुझ्याजवळ बसून म्हणाली, "मावशी, लोह नेणारी गाडी गच्च भरली आहे. आत जागाच नाही. म्हणून ते जिथं मिळेल तिथं लटकून राहिलंय."

"म्हंजी गोरेगावची जीप म्हणा की," तू म्हणालीस.

ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. तुझे नाही भरले.

काळं इंजेक्शन बंद, रक्त अगदी जिवावर बेतलं तरच, असं ठरलं. तरी पुढच्याच खेपेला मशीनवाला सवयीनं सिरिंज भरून आला. तू हात मागं घेतलास. "मला न्हाई टोचायचं. मी काय वळीनं टोचायचं मेंढरू हाय का?" मशीनवाल्यानं मुकाट्यानं सिरिंज बाजूला ठेवली आणि पुढच्या पेशंटकडे गेला. त्या पुढच्याचं तरी मोजलं होतं का? मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, एकेकाचं मोजत बसलो तर झालं."

त्याच दिवशी आपलं भांडण झालं. कळमनुरीचा बाजार होता, गाडी माणसांत आणि बैलगाड्यांत अडकून उभी होती. मी म्हटलं, आता मी पत्रक काढते. तुझ्या हाताच्या फोटोसकट.

"काढू नको," तू म्हणालीस.

"का?"

"मशीन तेवढंच हाय. भांडशील तू, पण तिथं झोपायचं मला."

"याला भिऊनच ते..."

"आन आबाला कळता कामा न्हाई."

तू खिडकीबाहेर बघत बोलत होतीस.

"त्यानं मेंढी दिली व्हती. मंग रक्त दिलं. आता त्याला सांगू का, बाबा, तुझं रक्त माझ्या अंगात गंजून राहिलं? मरंल तो ऐकून. गावात कोणाला बी सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याला हात लाव."

"मावशी, नाही सांगितलं तर पुढच्याला पण असंच देतील."

"पुढचा कोण हाय? आपल्यात पुढचा न्हाई."

"असं कुठं असतं?"

"हात लाव म्हणते ना."

मी हात लावला. लावला आणि हिंगोलीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू खिडकीतून एका पोरीकडून पेरू घेतलास आणि माझ्या मांडीवर ठेवलास. तुला पेरू बंद होता; मूत्रपिंडं गेली की त्यातला क्षार अंगात साठतो आणि हृदयाला धोका, म्हणून. तुला पेरू किती आवडायचा ते मला माहीत होतं. मी तो खाल्लासुद्धा नाही, इतकी मी रागात होते. हिंगोलीच्या स्टँडवर उतरताना सीटवरच राहिला.

पुढं तू काही महिने काढलेस. जे साठायला वर्षं लागली ते पटकन काढायचा मार्ग नव्हता. ती डॉक्टर मुलगी प्रामाणिकपणे तसं म्हणाली. थंडाव्यातलं इंजेक्शन मिळालं की तुला बरं वाटायचं, मिळालं नाही की पायऱ्या चढताना तू तीनदा बसायचीस. आणि एका सकाळी शेळ्यांना पाला टाकता टाकता बसलीस ती उठलीच नाहीस. हृदय बंद पडलं, म्हणाले.

लोहानं तुला मारलं असं मी लिहिणार नाही. पत्रकात लिहिलं असतं कदाचित, तुला लिहीत नाही. मूत्रपिंड गेलेल्या माणसाचं हृदय तसंही थकतं. लोहाचा त्यात वाटा किती, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण वेळेवर कुणी पाहिलंच नाही. माझा आरोप एवढाच आहे आणि तो मी मागं घेणार नाही. तुझ्या अंगात जे घातलं ते घालण्याआधी तिथं किती आहे हे बघायचं त्यांचं काम होतं. आबा मेंढीसाठी जेवढं करतात तेवढंही त्यांनी तुझ्यासाठी केलं नाही.

दहाव्याला आबा माझ्याजवळ येऊन बसले. घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आमचं रक्त कमी पडलं गं पोरी."

तुझ्या गळ्याला लावलेला हात माझा.

"पन आता कमी पडू देणार न्हाई," ते म्हणाले. "गोरेगावचा दत्ता शिंपी हाय ना, त्याची बी किडनी गेली म्हनून राहिले. नांदेडलाच चाललाय, तिथंच. मी सांगून ठेवलंय, घरटी एक. तुझ्या मावशीला दिलं त्याच्या दुप्पट देऊ."

मावशी, तू म्हणाली होतीस पुढचा नाही. हा बघ पुढचा. दोन लेकरांचा बाप आहे, माझं पोलकं शिवलंय त्यानं.

मी सांगितलं. सगळं. तुझी बोटं, तुझा रंग, गोरेगावची जीप, सगळं. आबा ऐकत होते आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला गेला, जिथं सुई टोचायचे तिथं. तिथं ते अंगठ्यानं चोळत राहिले.

"म्हंजी आमी मारलं का तिला?"

"नाही आबा. तुमी दिलं. बघायचं काम त्यांचं होतं."

"काहून लपवलं मग तुमी?"

"तिनं गळ्याला हात लावायला लावला. तुमाला सोसणार नाही म्हणाली."

त्यावर आबा तुझ्यावर असे भडकले की आतल्या बायका बाहेर आल्या. "येडी! येडी बाई! मी काय मातीचा हाय का इरघळायला?" आणि मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडले. मी त्यांना तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, "आबा, मेंढी द्यायच्या आधी तुमी खूर उचलून बघायचे." ते उठून मेंढरांकडे गेले. मला वाटलं, तुझंच बरोबर होतं, आणि मी एका म्हाताऱ्याला विनाकारण मोडलं.

दत्ताच्या पहिल्या खेपेला सकाळी जीपमध्ये चढले तर आत आबा बसलेले. डोक्याला धुतलेला पटका, खांद्यावर घोंगडी. नांदेडला डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, रक्त देणारे आणून ठेवा. आबा उभे राहिले.

"देणारे तयार हाईत साहेब. घरटी एक. पन आदी त्याचं लोह बघा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे बोट केलं.

"आजोबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काईच न्हाई कळत. म्हनून तर बघा म्हनून राहिलो."

मावशी, मोर्च्यात घसा फुटेस्तोवर ओरडून मला जे मिळालं नव्हतं ते त्या दिवशी मिळालं. डॉक्टर वैतागले, पण त्या मुलीला हाक मारली. दत्ताला अजून काहीही टोचलेलं नव्हतं, ताप नव्हता. रक्त घेतलं. दोन्ही तपासण्या.

आणि निकाल काय आला सांगू? दत्ताचं लोह कमी निघालं. खरोखर कमी. तेच काळं इंजेक्शन त्याला हवंच होतं. आबांनी दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाले, "मंग द्या की! आता बराबर द्या." रक्ताची पिशवी मात्र सध्या नको, त्या मुलीनं सांगितलं. लोहानं आणि थंडाव्यातल्या इंजेक्शनानं निभेल, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजू. पुन्हा मोजू! हे दोन शब्द तुझ्या वेळी कुणी उच्चारले असते तर. ते ऐकून मी आनंदी झाले नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीवर मूठ आपटली.

परतीच्या गाडीत आबा उदास होते. देण्यासाठी आलेला माणूस, हात रिकामाच परत. "आज काईच दिलं न्हाई गड्या," दत्ताला दोनदा म्हणाले. कळमनुरीला गाडी थांबली, बाजारच होता. आबांनी खिडकीतून पेरू घेतले. त्यातला सगळ्यात मोठा पुसून दत्ताच्या हातात देऊ लागले, आणि हात अर्ध्यात थांबला. माझ्याकडे वळून म्हणाले,

"पोरी, याला चालतो का हे? आदी इचारलेलं बरं."

"नाही चालत आबा."

त्यांनी तो पेरू माझ्या मांडीवर ठेवला.

मी वचन मोडलं, मावशी, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. तुझ्याशी भांडण अजून तसंच आहे. पण या खेपेला पेरू मी खाल्ला.